पेल्व्हिसचं हाड मोडल्यानंतर: एक्स-रे चांगला आल्यावर पुढे काय करायचं

पेल्व्हिसचं, म्हणजे कमरेखालच्या कड्यासारख्या भागाचं हाड साधारण 8 ते 12 आठवड्यांत जुळतं. तरीही चालताना झोक जातो, बसलं की दुखतं, लघवीच्या तक्रारी रेंगाळतात. कारण दुखापत नुसत्या हाडाची नसते. आजूबाजूचे स्नायू, नसा (मज्जातंतू), मूत्रमार्ग यांनाही मार बसलेला असतो आणि त्यांना भरून यायला महिने, कधी दोन वर्षंही लागतात.

1. वजनाचा आकडा विचारून घ्या.
‘पाय जरासा टेकवा’ एवढ्यावर डिस्चार्ज घेऊ नका. दुखऱ्या पायावर किती किलो भार द्यायचा ते विचारा. समजा 10 किलो सांगितले, तर वजनकाटा जमिनीवर ठेवा, शेजारी तेवढ्याच उंचीची भक्कम फळी ठेवून चांगला पाय तिच्यावर घ्या. वॉकर धरून दुखरा पाय काट्यावर हलकेच दाबा. काटा 10 वर आला की पायाला कसं वाटतं ते लक्षात ठेवा. हे करताना मागे कुणीतरी उभं हवं. अंदाजाने चालणारे बहुतेकजण ठरल्यापेक्षा जास्तच भार देतात.

2. झोपून असताना पावलं हलवत राहा.
जागेपणी दर तासाला घोट्यातून पाऊल 15-20 वेळा वर-खाली करा. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका या दुखापतीत मोठा असतो. गुठळीवरचं इंजेक्शन किंवा गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून स्वतःहून बंद करू नका.

3. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमवा.
पूर्ण भार द्यायची परवानगी मिळाली की मुख्य काम हेच. चांगल्या कुशीवर झोपा, वरचा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, तीन आकडे मोजा, सावकाश खाली आणा. असं 10 वेळा, दोन-तीन फेऱ्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे अंग मागे कलतं आणि पायाची बोटं छताकडे वळतात. मग मांडीचा पुढचा स्नायू काम करतो आणि ज्याला व्यायाम हवा तो तसाच राहतो. बोटं समोर, टाच किंचित मागे.

प्रगती पाहायची तर आरशासमोर ओट्याला धरून दुखऱ्या पायावर उभे राहा. दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकत असेल तर काठी सोडायची वेळ आलेली नाही.

4. काठी चांगल्या बाजूच्या हातात.
दुखऱ्या पायावर उभं राहिलं की कंबर विरुद्ध बाजूला झुकते, म्हणून आधार तिथे हवा. हात सरळ सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

5. बसण्याची जागा बदला.
गुडघे खुब्यापेक्षा थोडे खाली राहतील एवढी उंच खुर्ची घ्या आणि अर्ध्या तासाने उठा. माकडहाडाशी दुखत असेल तर मागे खाच असलेली उशी घ्या.

6. लाजेपोटी राहून जाणारे प्रश्न लिहून न्या.
लघवीची धार बारीक होत चालली असेल तर मूत्रमार्ग आकुंचला असू शकतो, यूरोलॉजिस्टला दाखवा. पुरुषांना ताठरता न येणं, स्त्रियांना संबंधाच्या वेळी दुखणं हे या दुखापतीत बरंच आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही. झोप उडणं, अपघात डोळ्यांसमोर येत राहणं हेही त्याच यादीत लिहा.

7. पाऊल लोंबत असेल तर धीर धरा, पण सांधा आखडू देऊ नका.
पाऊल उचलणारी नस दुखावली की ते लोंबतं, आणि ती नस परत दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढते. कंबर ते नडगी हे अंतर पाहिलं की दीड-दोन वर्षं का सांगतात ते कळतं. तोवर पावलाचा स्प्लिंट (पाऊल वर धरून ठेवणारा आधार) वापरा आणि घोटा रोज ताणा.

8. साध्या पडण्याने हाड मोडलं असेल तर हाडांची घनता तपासा.
उतारवयात हे फार वेळा राहून जातं आणि पुढचं हाड मोडतं.

एक पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, जांघेत बधिरपणा येऊन लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जा.