अल्कँटाराचं स्टिअरिंग स्वच्छ कसं करावं?

अल्कँटारा या मखमली कापडाने मढवलेल्या स्टिअरिंगवर काही महिन्यांनी दोन चकचकीत, काळपट पट्टे दिसू लागतात. घड्याळात नऊ आणि तीन असतात नेमके तिथे, म्हणजे हात सगळ्यात जास्त वेळ असतात तिथे. कापड झिजलं असं समजून लोक हळहळतात, पण बहुतेक वेळा ते झिजलेलं नसतं. तळहाताचं तेल, घाम, लोशन आणि सनस्क्रीन यांनी त्यातले बारीक तंतू एकमेकांना चिकटून आडवे पडलेले असतात. तेल काढलं आणि तंतू पुन्हा उभे केले की ती चकाकी जाते.

आधी एक खात्री करून घ्या. गाडीचं मॅन्युअल उघडा आणि स्टिअरिंगवर अल्कँटारा आहे, त्याच जातीचं दुसरं मायक्रोफायबर आहे की खरं सुएड चामडं आहे ते बघा. अल्कँटारा चामड्यासारखं भासलं तरी ते कृत्रिम कापड आहे. जपानमधल्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी ते १९७० मध्ये विकसित केलं आणि पुढे इटलीत त्याचं उत्पादन सुरू झालं. त्यात साधारण ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन असतं. त्यामुळे त्याला थोडं पाणी सहज चालतं. खऱ्या सुएडला मात्र पाण्याने डाग पडतात आणि ते वाळून कडक होतं. ते असेल तर पुढची ओली कृती करू नका, सुएडसाठी बनवलेलंच क्लीनर आणा.

काय काय लागेल

मऊ केसांचा छोटा ब्रश, दोन-तीन पांढरी मायक्रोफायबरची फडकी, डिस्टिल्ड वॉटर आणि अल्कँटारासाठीचं क्लीनर. फडकी पांढरीच घ्या. रंगीत फडक्याचा रंग कापडात उतरू शकतो, शिवाय मळ किती निघाला ते पांढऱ्यावरच कळतं. नळाचं पाणी जड असेल तर वाळल्यावर क्षार मागे राहतात, म्हणून डिस्टिल्ड बरं.

चामड्याचं कंडिशनर, डॅशबोर्ड चमकवणारं पॉलिश, ब्लीच आणि थिनर यांना या कामात अजिबात जागा नाही. कंडिशनर तर सगळ्यात वाईट: जे तेल काढायला बसलात तेच पुन्हा चोळल्यासारखं होतं. डाग खरवडणारा पांढरा ‘मॅजिक’ स्पंजही नको, तो बारीक पॉलिश पेपरसारखा घासतो आणि लव उडवतो.

पायरी १: कोरडी सफाई

गाडी सावलीत लावा, इंजिन आणि इग्निशन बंद करा. हातातल्या अंगठ्या, कडं काढून ठेवा. मग कोरड्या ब्रशने स्टिअरिंगची कड हलक्या हाताने झाडा आणि जमलं तर व्हॅक्यूमने धूळ ओढून घ्या. ही पायरी गाळावीशी वाटते, पण गाळू नका. कोरडी धूळ ओली झाली की तिचा चिखल होतो आणि तो तंतूंच्या मुळाशी जाऊन बसतो.

पायरी २: आधी नुसतं पाणी

फडकं डिस्टिल्ड पाण्यात बुडवून घट्ट पिळा. इतकं घट्ट, की मुठीत दाबलं तरी थेंब पडू नये. त्याने कड पुसत जा, फडकं मळलं की धुऊन पुन्हा पिळा. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी एवढंच करणाऱ्याला पुढची पायरी क्वचितच लागते.

पायरी ३: क्लीनर

चकचकीत पट्टे पाण्याने गेले नाहीत तरच क्लीनर काढा. बाटलीवरच्या सूचना वाचा आणि खालच्या बाजूला, नजरेत न येणाऱ्या जागी आधी थोडं लावून बघा. रंग सुटला नाही तर पुढे जा.

क्लीनर थेट स्टिअरिंगवर फवारू नका. मधल्या भागात एअरबॅग आहे, आऱ्यांवर बटणं आहेत, काही गाड्यांत कडेच्या आत हीटर आणि हात ओळखणारे सेन्सरही असतात. तिथे द्रव झिरपला तर त्रास वाढेल. क्लीनर ब्रशवर किंवा फडक्यावर घ्या आणि साधारण वीतभर भागच एका वेळी करा. छोट्या गोलाकार हालचाली, हात अगदी हलका. ब्रशचे केस वाकले म्हणजे तुम्ही जास्त दाबताय.

लगेच स्वच्छ ओलसर फडकं त्यावर दाबा आणि उचला. पहिल्यांदा त्यावर पिवळट-तपकिरी ठसा उमटेल. बघून थोडी शिसारी येते, पण तेच हवं होतं. फडक्याची घडी बदलत दाबत राहा. घासून पुसलं तर मळ फक्त शेजारी सरकतो. ठसा फिका झाला की शेवटी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने क्लीनरचा अंश काढून टाका. अंश राहिला तर कापड कडक वाटतं आणि धूळ लवकर धरतं. सगळा मळ एकाच दिवशी निघालाच पाहिजे असा हट्ट नको. वाळल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा हलकं केलेलं चांगलं.

पायरी ४: वाळवणं आणि लव उभी करणं

कोरडं फडकं कडेभोवती गुंडाळून मुठीने दाबा, ओल शोषली जाईल. कापड अजून किंचित दमट असतानाच ब्रश फिरवा: आधी उलटसुलट सगळ्या दिशांनी, शेवटी एका दिशेने. पूर्ण वाळल्यावर पुन्हा एकदा. आता बोट फिरवलंत तर एका दिशेने रंग गडद आणि उलट दिशेने फिका दिसायला हवा. असा फरक दिसत नसेल तर तिथले तंतू अजून चिकटलेलेच आहेत.

रात्रभर तसंच वाळू द्या. हेअर ड्रायर किंवा कडक ऊन नको, आणि ओल्या स्टिअरिंगवर गाडी चालवू नका, नाहीतर तंतू पुन्हा चेपतील.

काही सांडलं तर

डाग पडल्या पडल्या टिपून घ्या, कडेकडून मध्याकडे. रक्त लागलं असेल तर गार पाणीच वापरा, गरम पाण्याने ते पक्कं होतं. च्युइंगम बर्फाने कडक करून हळूच सोलून काढा.

मळू नये म्हणून

गाडीत बसण्याआधी हात धुऊन कोरडे करणं, यापुढे कुठलंही क्लीनर फिकं आहे. हाताला क्रीम लावली असेल तर ती मुरेपर्यंत थांबा. सॅनिटायझरचंही तसंच, त्यात बरेचदा ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहतं. गाडी उन्हात उभी राहत असेल तर स्टिअरिंगवर हलकं सुती कापड टाकून ठेवा, रंग लवकर उडत नाही.

बारीक गोळे आले असतील तर ओढून काढू नका, छोट्या कात्रीने वरच्यावर कापा. लव जाऊन खालचा थर उघडा पडला असेल तर मात्र ब्रश आणि क्लीनरचा उपयोग नाही. तिथे कव्हर नवीन शिवून घ्यावं लागतं आणि त्यासाठी एअरबॅग उतरवावी लागते, म्हणून ते काम प्रशिक्षित माणसाकडेच द्या.