नवीन प्रोजेक्टची टीम बांधताय? अर्धी माणसं घेऊ नका

सहा वर्षं जावा डेव्हलपर म्हणून काम केल्यावर मला पहिल्यांदा एका नवीन प्रोजेक्टची टीम उभी करायला सांगितली. हिंजवडी फेज ३, सर्व्हिस कंपनी, क्लायंट लंडनचा, इन्शुरन्स क्लेमचं नवीन पोर्टल, पद्धत स्क्रम, म्हणजे काम छोट्या ठरलेल्या टप्प्यांत करायचं, आणि तो एकेक टप्पा म्हणजे स्प्रिंट, आमचा दोन आठवड्यांचा. बॅकलॉग म्हणजे करायच्या कामांची यादी आणि रेट्रो म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय चुकलं ते बोलायची मीटिंग, एवढं तुम्हाला माहिती आहे असं धरूनच लिहिते. मलाही सगळं माहिती होतं, तरी पहिले तीन स्प्रिंट जे काही झालं ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एकच गोष्ट जरा जास्तच उगाळून सांगणार आहे.

रिसोर्स मॅनेजमेंटवाल्यांनी मला एक्सेल पाठवली. ११ नावं. मी खूश, एवढी मोठी टीम मिळाली म्हणून घरी फोन करून सांगितलं. शेवटच्या कॉलममध्ये अलोकेशन, म्हणजे कुणाचा किती टक्के वेळ आपल्याला मिळणार ते, लिहिलेलं होतं, तो कॉलम मी बघितला पण त्याचा अर्थ लावत बसले नाही. सहा जण १०० टक्के. दोन टेस्टर ५०-५० टक्के, यूआयवाला (स्क्रीन बनवणारा) ५०, डेव्हऑप्सवाला (सर्व्हर आणि रिलीज सांभाळणारा) ५०, आणि डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) २५. बेरीज केली तर सव्वाआठ माणसं होतात. मी तेवढीही बेरीज केली नव्हती, आणि खरं म्हणजे ती केली असती तरी फसलेच असते, कारण ती बेरीजच खोटी असते. कशी ते सांगते.

दोन आठवड्यांचा स्प्रिंट म्हणजे १० दिवस, रोजचे ८ तास धरले तर ८० तास. आता मीटिंगा मोजा. डेली, म्हणजे रोजची छोटी मीटिंग, १५ मिनिटं, दहा दिवसांचे अडीच तास. प्लॅनिंग ४ तास, रिव्ह्यू (झालेलं काम क्लायंटला दाखवायचा) २, रेट्रो दीड, रिफाइनमेंट (पुढची कामं समजून घ्यायची) अडीच. झाले साडेबारा तास. पूर्णवेळ माणसाकडे उरले साडेसदुसष्ट. ५० टक्केवाल्याकडे मुळात ४० तास, पण त्याला अर्धी डेली आणि अर्धं प्लॅनिंग देता येत नाही, त्याचेही साडेबाराच जातात, उरले साडेसत्तावीस. आणि आमचा २५ टक्क्यांचा डीबीए? २० तासांतून साडेबारा गेले, दोन आठवड्यांत साडेसात तास. एक दिवससुद्धा धड नाही! आणि आम्ही त्याच्या नावावर मायग्रेशनच्या (डेटा नव्या जागी हलवायच्या) तीन स्टोऱ्या, म्हणजे बॅकलॉगमधली तीन कामं, टाकून बसलो होतो.

बरं, हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात हे उरलेले तासही आपल्या हातात येत नाहीत, कारण त्या माणसाला दुसऱ्याही प्रोजेक्टच्या डेली असतात, दुसरं रिलीज असतं, दुसरा मॅनेजर असतो, आणि ज्याचा मॅनेजर जास्त ओरडतो त्याचं काम आधी होतं. यात त्या माणसाचा काही दोष नाही, हे मला फार उशिरा समजलं.

दुसऱ्या स्प्रिंटच्या दुसऱ्या आठवड्यातला बुधवार होता. स्टोऱ्यांची कार्डं लावतो त्या बोर्डवर 'रेडी फॉर टेस्टिंग'च्या कॉलममध्ये नऊ स्टोऱ्या साचलेल्या, 'डन'मध्ये एक. सकाळी डेलीला टेस्टर म्हणाली, आज बघते. चार वाजता एकही कार्ड हललं नव्हतं म्हणून मी तिला जाब विचारायलाच तिच्या जागेवर गेले. टेबलावर दोन लॅपटॉप, एक आमच्या कंपनीचा आणि एक तिच्या दुसऱ्या क्लायंटने दिलेला, दोन्हीवर वेगवेगळे व्हीपीएन चालू. कीबोर्डच्या बाजूला डबा, झाकणसुद्धा काढलेलं नाही. मला बघून म्हणाली, "अगं, सकाळपासून तुझी एक पण स्टोरी उघडली नाहीये मी. तिकडे रात्री रिलीज आहे, दर अर्ध्या तासाला फोन येतोय." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काय बोलणार होते ते विसरले. डबा उचलला आणि तिला कॅन्टीनला घेऊन गेले. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ती एक्सेल नीट उघडून वाचली.

म्हणून स्पष्ट सांगते, टेस्टर अर्धा घेऊ नका. कुणी कितीही समजावलं तरी घेऊ नका. दोन अर्धे टेस्टर देतो म्हणाले तर सांगा, एक पूर्ण द्या, दुसरा नको. नावं कमी झाली तरी चालतील. स्क्रमचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडमध्ये २०२० च्या आवृत्तीपासून टीम साधारण १० किंवा त्याहून कमी लोकांची असावी असं म्हटलंय, त्याआधी डेव्हलपमेंट टीमसाठी ३ ते ९ असा आकडा होता. त्याला कारण आहे. ५ जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात १०, ९ जणांत ३६, आणि आमच्या ११ जणांत ५५. यातली निम्मी माणसं निम्मा दिवस जागेवरच नसतील तर कुणाला काय सांगितलं याचा पत्ता लागत नाही. आमच्याकडे एपीआयचा (स्क्रीन ज्यातून सर्व्हरशी बोलते त्याचा) एक बदल यूआयवाल्याला चार दिवसांनी कळला होता, तो म्हणाला मी त्या दिवशी तिकडच्या प्रोजेक्टवर होतो, आणि ते खरंच होतं.

अर्धा माणूस कधीच चालत नाही असंही नाही. डीबीए, सिक्युरिटीवाला, आर्किटेक्ट यांना टीमबाहेरचे सल्लागार म्हणून धरा, ठरलेले तास बुक करा, आणि कपॅसिटीत, म्हणजे टीमच्या कामाच्या तासांत, मोजू नका. आम्ही नंतर डीबीएला सगळ्या मीटिंगांमधून सोडवलं आणि मंगळवारी व गुरुवारी ३ ते ५ असे तास बांधून घेतले. चार मंगळवार-गुरुवार मिळून दोन आठवड्यांत ८ तास, म्हणजे आधीपेक्षा जास्तच मिळाले आणि बिचारा वैतागलाही नाही.

हे सगळं मला दाखवलं ते आमच्याच मजल्यावर बसणाऱ्या एका जुन्या क्यूए (टेस्टिंगच्या) लीडनी. बाकीच्या मोठ्या लोकांकडे मी गेले तेव्हा प्रत्येकाने केबिनमध्ये बसूनच सल्ला दिला, कुणी म्हणालं टूल बदल, कुणी म्हणालं डेली सकाळी ९ ला घे. हे सर म्हणाले, "एक्सेल राहू दे, बोर्ड दाखव," आणि अर्धा तास बोर्डसमोर उभे राहून एकेका कार्डावर कोण आहे आणि तो आत्ता कुठे बसलाय एवढंच विचारत राहिले. मेंटॉर शोधत असाल तर तुमच्या बोर्डसमोर येऊन उभा राहणारा शोधा. दोन दिवसांचा स्क्रम मास्टरचा कोर्स मीसुद्धा केलाय, शब्द कळायला उपयोग होतो, पण ते सर्टिफिकेट आहे म्हणून टीम बांधता येईल असं समजू नका. शॉर्टकट म्हणून लोक आधी सर्टिफिकेट घेतात आणि मग माणसं शोधतात, मला हा क्रमच पटत नाही.

बाकीचं थोडक्यात. पाच सीनियर एकत्र घेऊ नका, फ्रेमवर्क ठरवण्यातच पहिला स्प्रिंट जातो. दोन सीनियर, दोन-तीन मधले आणि एक फ्रेशर बरा, फ्रेशर असला की सीनियरना समजावून सांगावं लागतं आणि त्यात त्यांचे स्वतःचे गोंधळ बाहेर पडतात. बाहेरून भरती करणार असाल तर ९० दिवसांचा नोटीस पीरियड धरा, म्हणजे सहा स्प्रिंट उलटून जातात, आणि जॉइनिंगच्या दिवशी माणूस येईलच याची खात्री नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर तारखा देऊ नका. पाइपलाइन, म्हणजे कोड आपोआप तपासून सर्व्हरवर नेणारी व्यवस्था, पहिल्या स्प्रिंटमध्येच उभी करा.

प्रॉडक्ट ओनर, म्हणजे आधी काय बनवायचं ते ठरवणारा माणूस, मात्र नीट तपासून घ्या. स्क्रमसारख्या पद्धतींचा जाहीरनामा म्हणजे २००१ चा अजाइल मॅनिफेस्टो, त्याच्या १२ तत्त्वांमध्ये बिझनेसवाले आणि डेव्हलपर यांनी रोज एकत्र काम करावं असं तत्त्व आहे. आमचा प्रॉडक्ट ओनर लंडनला. त्याचे सकाळचे ९ म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अडीच. सकाळी १० ला प्रश्न पडला तर दुपारपर्यंत हातावर हात धरून बसायचं. म्हणून रिफाइनमेंट दुपारी ३ ला ठेवलं आणि स्टोरी घेण्याआधीच शंका लिहून पाठवायची सवय लावली.

आणि घाबरू नका. पहिले दोन-तीन स्प्रिंट वाईट जाणं हे अगदी नॉर्मल आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमनने १९६५ मध्ये मांडलेले टीमचे टप्पे तुम्ही ऐकले असतील, फॉर्मिंग (एकत्र येणं), स्टॉर्मिंग (खटके उडणं), नॉर्मिंग (रुळणं), परफॉर्मिंग (जोमात काम), त्यातलं स्टॉर्मिंग होणारच, भांडणं होऊ द्या. फक्त भांडायला सगळे एका खोलीत पाहिजेत. आमच्याकडे 'डन' म्हणजे नक्की काय यावर तिसऱ्या रेट्रोत कडाक्याचं भांडण झालं आणि नेमके दोन्ही टेस्टर दुसऱ्या कॉलवर होते, मग तेच भांडण पुढच्या रेट्रोत पहिल्यापासून परत झालं.

तुमची टीम आधीच अशी बांधली गेली असेल तर अजून वेळ गेलेली नाही. मॅनेजरकडे "लोक कमी आहेत" म्हणून जाऊ नका, ते वाक्य त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं. वर केला तसा साडेबारा तासांचा हिशोब एका कागदावर करा, शेजारी बोर्डचा फोटो ठेवा, कुठल्या कॉलममध्ये किती कार्डं किती दिवस अडकली ते लिहा, आणि मागणी एकच करा: चार अर्ध्यांऐवजी दोन पूर्ण. मला पहिल्या वेळी नाही म्हणाले. दुसऱ्या वेळी म्हणाले बघतो. तिसऱ्या वेळी मी पुढच्या स्प्रिंटचं प्लॅनिंगच सहा पूर्णवेळ लोकांच्या कपॅसिटीवर केलं आणि तो कमी झालेला आकडा क्लायंटच्या रिव्ह्यूत ठेवणार असल्याचं आधी सांगून टाकलं. त्याच आठवड्यात टेस्टर पूर्णवेळ आमच्याकडे आली. यूआयवाल्यासाठी अजून दोन महिने भांडावं लागलं.