कंपनीच्या स्टिरिओला सबवूफर: किनारपट्टीवरच्या गाडीसाठी

डबलबारीच्या भजनात पखवाजाच्या धुम्यावर, म्हणजे कणीक लावलेल्या डाव्या तोंडावर पडणारी थाप कंपनीच्या साडेसहा इंची स्पीकरमधून नुसती ‘टप्’ अशी ऐकू येते. ८० हर्ट्झच्या खालच्या आवाजाला जेवढी हवा ढकलावी लागते, तेवढी त्या लहान कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, ढकलता येत नाही. सबवूफर, म्हणजे फक्त खोल आवाजासाठीचा मोठा स्पीकर, ही उणीव भरून काढतो आणि त्यासाठी स्टिरिओ बदलावा लागत नाही. मात्र गाडी हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही उभी राहत असेल, तर एक गोष्ट आधीच धरून चला: इथे ही जोडणी जळण्याआधी गंजते. खारा वारा आणि पावसाळ्यात चार-चार महिने न वाळणारं कार्पेट उघड्या तांब्याचा पिच्छा सोडत नाहीत. म्हणून पैसे वॅटवर घालण्याआधी वायरवर आणि जोडांवर घाला.

काय घ्यायचं

डिकी मोकळी असेल तर १० इंची सबवूफर, बंद पेटी आणि २५० ते ३०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा) क्लास-डी मोनो, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा एका चॅनेलचा, ॲम्प्लिफायर लहान गाडीला भरपूर होतो. खोक्यावरचा ‘१२०० वॅट’ सोडून द्या, आरएमएसचाच आकडा बघा. ॲम्प्लिफायरला ‘हाय लेव्हल इनपुट’, म्हणजे स्पीकरच्या वायरींतून थेट सिग्नल घ्यायची सोय, हवीच, कारण कंपनीच्या स्टिरिओला मागे आरसीए पिना (ॲम्प्लिफायरला सिग्नल देणाऱ्या) बहुधा नसतात. ती नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर, म्हणजे स्पीकरचा सिग्नल आरसीएजोगा करणारी डबी, घालावा लागतो.

डिकीत सीएनजीची टाकी असेल किंवा गणपतीला सामानाने डिकी खच्चून भरत असेल, तर सीटखाली मावणारा, आतच ॲम्प्लिफायर असलेला ८ इंची सबवूफर घ्या. तो थेट कार्पेटवर ठेवू नका. चपलांबरोबर आलेलं पाणी कार्पेटखालच्या फोममध्ये साचून राहतं. खाली दीड सेंटिमीटरचे रबरी गट्टू द्या.

तयार पेट्या बहुतेक एमडीएफच्या असतात. दमट हवेत एमडीएफ कडांनी फुगतं, स्क्रू ढिले होतात, हवा गळते आणि पेटी फरफर करू लागते. सुताराकडून १८ मिलिमीटर मरीन प्लायची पेटी करून घेणं इथे खरंच फायद्याचं आहे. प्लायवर ‘आयएस ७१०’ चा शिक्का बघून घ्या. आतून ४० × ३० × २० सेंटिमीटर धरलं की २४ लिटर होतात. त्यातून सबवूफरच्या मागच्या भागाचे दीड-दोन लिटर वजा करा. १० इंची बंद पेटीला साधारण १७ ते २३ लिटर लागतात. सबवूफरच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. कापलेल्या कडांना आतून-बाहेरून व्हार्निशचे दोन हात द्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरा.

आता वायर. ३०० वॅटचा ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षमतेने चालला तर १३.८ व्होल्टला सुमारे २७ अँपिअर ओढतो. त्याला ८ गेजची, म्हणजे दुकानात मिळणारी १० चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर आणि ३० अँपिअरचा फ्यूज पुरतो. स्वस्त किटमध्ये सीसीए वायर येते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. खारट ओलाव्यात टोकाशी ते ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं होतं. वायर थोडी खरवडा: आत रुपेरी दिसलं तर घेऊ नका. कथिलाचा मुलामा असलेले लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची कडी) आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी हवी. काळी चिकटपट्टी दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.

जोडणी

सुरुवातीला बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पॉझिटिव्ह वायरीवरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवा. तो ॲम्प्लिफायरसाठी नसून वायरीसाठी आहे: वायर पत्र्यावर घासून शॉर्ट झाली, तर आग लागू नये म्हणून. फ्यूज शेवटपर्यंत घालू नका.

इंजिनकडून केबिनमध्ये वायर आणताना आधीपासून असलेल्या रबरी ग्रॉमेटमधूनच, म्हणजे पत्र्याच्या भोकातल्या रबरी बुचातूनच, आणा. आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे कौलावरच्या पागोळीसारखं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल आणि वायरीवरून केबिनमध्ये उतरणार नाही. फट बुजवायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातल्या ॲसिडने तांबं खराब होतं. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन मागा. वायरीवर लवचीक पाइप चढवा. पावसाळ्यात आडोशाला आलेले उंदीर इन्सुलेशन कुरतडतात.

पॉवरची वायर एका बाजूच्या पायपट्टीखालून न्या, सिग्नलची दुसऱ्या. एकत्र नेल्या तर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमध्ये येऊ शकते.

अर्थिंगला, म्हणजे ॲम्प्लिफायरची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडायला, सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. ॲम्प्लिफायरपासून ४५ सेंटिमीटरच्या आत जाड पत्रा शोधा, नाण्याएवढा रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या आणि लग, दातेरी वॉशर, बोल्ट अशा क्रमाने आवळा. त्यानंतर त्यावर गंजरोधक रंग मारा. आधी रंग आणि मग बोल्ट असं केलं तर संपर्कच होत नाही. उघडं ठेवलं तर एका पावसात तांबूस कवच चढतं. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका. नवीन भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा: तिथून इंधनाची टाकी, ब्रेकची नळी किंवा सीएनजीचा पाइप गेलेला असतो.

सिग्नल मागच्या स्पीकरच्या वायरींतून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर हार्नेस (वायरींचा मूळ जुडगा) कापू नका, मॉडेलनुसार टी-कपलर, म्हणजे न कापता मध्ये जोडायचा फाटा, मिळतो. पॉझिटिव्ह कोणती ते ओळखायला स्पीकरचा कपलर सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर स्पीकरच्या टोकांना लावा. कोन बाहेर आला तर सेलची पॉझिटिव्ह बाजू ज्या टोकाला लागली तेच पॉझिटिव्ह. स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला कधीही जोडू नका. या स्टिरिओंत दोन्ही वायरींवर साधारण निम्मा बॅटरी व्होल्टेज असतो. अर्थ केली की स्टिरिओची आउटपुट आयसी जाऊ शकते. याच व्होल्टेजवरून काही ॲम्प्लिफायर स्टिरिओ चालू झाल्याचं ओळखतात, मग वेगळी रिमोट वायर, म्हणजे ॲम्प्लिफायरला चालू-बंदचा इशारा देणारी, लागत नाही. तशी सोय नसेल तर रिमोट चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवरून घ्या.

पेटी पट्ट्याने किंवा ब्रॅकेटने जमिनीला बांधा. घाटात करकचून ब्रेक लागला तर पंधरा किलोची मोकळी पेटी थेट मागच्या सीटवर येते.

आवाज बसवणं

स्टिरिओचा बास आणि ट्रेबल शून्यावर ठेवा, लाउडनेस बंद करा. ॲम्प्लिफायरचा लो-पास (ठरावीक आकड्याखालचाच आवाज जाऊ देणारी गाळणी) ८० हर्ट्झवर, बास बूस्ट शून्य, गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा खुंटा) पूर्ण खाली. सबवूफरची वायर काढून ठेवा, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा, व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश करा आणि ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ काढा: २५० वॅट आणि ४ ओहमला ३१.६ व्होल्ट. त्या आकड्यापर्यंतच गेन न्या. दुहेरी कॉइलचा ४+४ ओहमचा सबवूफर समांतर जोडला तर २ ओहम होतो, तेवढं ॲम्प्लिफायरला झेपतं का हे आधी वाचा.

मग वायर परत जोडून कानाने तपासा, पखवाजाची साथ असलेलं भजन लावून. थाप समोरून येतेय असं वाटलं पाहिजे. बुवांचा आवाज डिकीतून यायला लागला तर लो-पास ७० वर आणा. फेजचा (कोन आधी पुढे की मागे हलणार ते ठरवणारा) स्विच ० आणि १८० दोन्हीवर करून बघा, ज्यात थाप भरदार तीच ठेवा.

बिघडलं तर

आवाज वाढवला की सबवूफर बंद पडतो: इंजिन चालू ठेवून ॲम्प्लिफायरच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ आणि इथे ११.५ असेल तर अर्थ किंवा फ्यूजहोल्डर गंजलाय. सकाळी गाडी स्टार्ट होत नसेल तर रिमोट कायम चालू राहतोय. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला एक अँपिअरची गळतीही दीड दिवसात संपवते. थाप पोकळ वाटली तर सबवूफरच्या कॉइलच्या वायरी उलट जोडल्या गेल्या असतील.

मे अखेरीस एकदा आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा, निगेटिव्ह तार काढून सगळे जोड उघडून बघा. तांब्यावर हिरवट चुरा दिसला तर तेवढा तुकडा कापा, नवीन लग लावा, आवळल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या.