पेटीतल्या फ्लॉप्या वाचवायच्या कशा

तालुक्याच्या गावी एकेकाळी कॉम्प्युटर क्लास चालायचा त्या घरात, जुन्या छापखान्यात, दूध सोसायटीच्या कपाटात अजूनही फ्लॉप्यांची पेटी निघते. लेबलावर बॉलपेननं लिहिलेलं असतं: ‘गेम २’, ‘व्हायरस’, ‘टायपिंग’, ‘सातवी ब निकाल’. भंगारात द्यायच्या आधी त्यातलं काय वाचतं ते पाहून घ्या. एका फ्लॉपीमागे काम थोडंच असतं, पण क्रम चुकला की हाती काही लागत नाही.

नेमकं काय जपायचं हे आधी ठरवा. शिकागोत १६ फेब्रुवारी १९७८ रोजी वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी सीबीबीएस हा बुलेटिन बोर्ड सुरू केला. तेव्हापासून हौशी लोक मोडेम लावून फोनच्या तारेवरून एकमेकांना प्रोग्रॅम देऊ लागले, अडलेलं विचारू लागले. पुढे १९८२च्या सुमारास शेअरवेअरची पद्धत रुजली: वापरून पाहा, दुसऱ्याला द्या, पटलं तर लेखकाला पैसे पाठवा. आपल्याकडे व्हीएसएनएलनं सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ला, आणि तेही आधी मोठ्या शहरांत. खेड्यात हे सॉफ्टवेअर पोचायचं ते कुणाच्या तरी पिशवीतून, एका फ्लॉपीवरून दुसरीवर उतरवत. विचारायला दुसऱ्या टोकाला कोणी नसायचं, म्हणून सगळी मदत प्रोग्रॅमसोबतच्या मजकूर फाइलींतच असायची. गेम नाही वाचला तरी हरकत नाही, तो आज दुसरीकडे मिळतो. रीडमी, डॉक फाइली आणि कुणी इथल्या माणसानं डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या) एडिटमध्ये ठोकून ठेवलेलं ‘प्रिंटर चालत नसेल तर हे करा’ हे मात्र दुसरीकडे कुठंच मिळणार नाही.

सामान

एक यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह, ज्यात साडेतीन इंची फ्लॉपी बसते. एक लॅपटॉप; डेस्कटॉप नको, कारण मधेच लाइन गेली तर काम तुटतं. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकलेला एक पेनड्राइव्ह आणि कॉप्या साठवायला दुसरा. हा दुसरा विसरू नका: पेनड्राइव्हवरून चालवलेल्या मिंटमध्ये डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं मशीन बंद करताच उडून जातं. सफाईला आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल; मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतं, ९९ टक्केवालं मागा. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. फक्त ते ॲसिड नाही ना हे बाटलीवर वाचून घ्या. कानातले कापसाचे बड्स नकोत, त्यांचे तंतू सुटतात. फोमचे स्वॅब वापरा.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायच्या आधी

टिनाच्या खोलीतून काढलेली फ्लॉपी लगेच लावू नका. एक दिवस आतल्या खोलीत, सावलीत राहू द्या. मे महिन्यात काम करत असाल तर कूलरच्या झोतासमोर बसू नका. ती हवा ओली असते, आणि आपल्याला जी बुरशी टाळायची आहे तिला ओलच लागते. हे काम हिवाळ्यात करणं सगळ्यात सोयीचं.

आता राइट-प्रोटेक्ट. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली सरकती पट्टी अशी सरकवा की भोकातून आरपार दिसेल. भोक उघडं म्हणजे लिहिणं बंद. सव्वापाच इंचीचं उलटं आहे: तिथं कडेची खाच चिकटपट्टीनं झाकली की लिहिणं बंद होतं. ‘मी तर फक्त वाचणार आहे’ म्हणून हे टाळू नका. विंडोज ९५ नुसती फ्लॉपी उघडली तरी तिच्या बूट सेक्टरात, म्हणजे अगदी पहिल्या तुकड्यात, आपली खूण लिहून ठेवायचं.

मग पत्र्याचा पडदा बोटानं सरकवून आतली चकती बघा. मागच्या बाजूचं पत्र्याचं चाक हळूहळू फिरवत पूर्ण वळसा पाहा, दोन्ही बाजूंनी. चकती तपकिरी-काळी आणि एकसारखी चकचकीत हवी. पांढुरके ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे वण म्हणजे बुरशी. गोल रेघ म्हणजे ड्राइव्हच्या हेडनं (चकतीला टेकून वाचणाऱ्या भागानं) खरवडलेलं, आणि तिथला डेटा गेलेला. जिनिंगच्या आसपासच्या गावांत कापसाचं बारीक लोकर पडद्याखाली अडकलेलं सापडतं. ते चिमट्यानं काढा, फुंकू नका. फुंकरीत थुंकी असते.

बुरशी लागलेली फ्लॉपी तशीच लावली तर नुसती तीच जात नाही. बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. म्हणून अशा फ्लॉप्या वेगळ्या काढा आणि सगळ्यात शेवटी घ्या.

त्या धुवायच्या तर कवच उघडावं लागतं. पडदा काढताना स्प्रिंग उडते, हात आडवा धरा. कवचाच्या फटीत जुनं एटीएम कार्ड घालून कोपरे एकेक सोडवा. चकती मधल्या पत्र्याला धरूनच उचला. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाकून स्वॅबनं मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही: चुकून ओरखडा गेलाच तर आडवा ओरखडा प्रत्येक ट्रॅकचा, म्हणजे डेटाच्या गोल रांगेचा, थोडा भाग खातो, गोल ओरखडा अख्खा ट्रॅक खातो. साध्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा पुसून सावलीत पूर्ण वाळू द्या. मग एखाद्या टाकाऊ पण स्वच्छ फ्लॉपीच्या कवचात, पत्र्याचं चाक मागच्या बाजूला येईल अशी बसवा आणि कडांना पातळ चिकटपट्टी लावा. पट्टी जाड झाली तर फ्लॉपी ड्राइव्हमध्ये अडकते.

आधी इमेज, बाकी सगळं नंतर

सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. फ्लॉपी लागली, फाइली दिसल्या की माणूस लगेच डबल-क्लिक करत सुटतो. ते करायचं नाही. जुनी फ्लॉपी किती वेळा वाचली जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून पहिल्या वाचनातच तिची अख्खी इमेज, म्हणजे सगळ्या फ्लॉपीची हुबेहूब नक्कल असलेली एक फाइल, काढून घ्या आणि पुढचं सगळं त्या कॉपीवर करा. विंडोजनं ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ विचारलं तर उत्तर कायम ‘नाही’.

साधनाचं नाव डीडीरेस्क्यू. मिंट-उबंटूमध्ये पॅकेज शोधताना पुढे ‘जी’ लावून जीडीडीरेस्क्यू शोधा. कमांड मात्र ‘जी’शिवायच. यूएसबी ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा. बिनपॉवरच्या हबवर करंट कमी पडतो. ड्राइव्ह टकटक करत मधेच गायब झाला तर पहिला संशय कमी करंटवर घ्या. एलएसबीएलके कमांडनं ड्राइव्हचं नाव पाहा, १.४ एमबी दिसतं तीच फ्लॉपी.

पहिल्या फेरीत डीडीरेस्क्यूला हायफन-डी आणि हायफन-एन हे पर्याय द्या. पुढे क्रमानं तीन नावं: ड्राइव्ह, इमेज फाइल, मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद). हायफन-एनचा अर्थ असा की खराब जागेवर अडून बसू नको, आधी चांगलं ते सगळं उचल. नावांचा क्रम उलटला तर डीडीरेस्क्यू सहसा स्वतःच थांबतं आणि फोर्स द्यायला सांगतं. तो पर्याय कधीही देऊ नका, फ्लॉपी पुसली जाईल.

चांगली फ्लॉपी दोनेक मिनिटांत होते. इमेजचा आकार नेमका १४,७४,५६० बाइट्स यायला हवा: ८० ट्रॅक, २ बाजू, दर ट्रॅकला १८ सेक्टर (तुकडे), दर सेक्टर ५१२ बाइट. आवाजाकडे कान ठेवा. ठरावीक टकटक ठीक. घासल्यासारखा, कुरकुर आवाज आला की त्याच क्षणी बाहेर काढा.

काही सेक्टर राहिले असतील तर त्याच तीन नावांनी दुसरी फेरी, या वेळी हायफन-एनऐवजी हायफन-आर-३, म्हणजे राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्न. मॅप फाइलची कमाल इथं दिसते. लाइट गेली, केबल निघाली, काहीही झालं तरी काम जिथं थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं. त्याहून मोठी सोय म्हणजे तीच फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच इमेज आणि तोच मॅप दिला, तर पहिल्याला न जमलेले सेक्टर दुसरा भरून काढतो. ज्या ड्राइव्हवर फ्लॉपी लिहिली गेली त्याचं हेड जरा तिरपं असेल तर एका ड्राइव्हला ती वाचतच नाही आणि दुसरा सरसर वाचतो. म्हणून शेजारच्याचा जुना ड्राइव्ह उसना मिळाला तर आणा. मात्र हे एकाच फ्लॉपीसाठी. वेगळ्या फ्लॉपीला जुना मॅप दिला तर दोन्हींची खिचडी होते. दर फ्लॉपीला वेगळं नाव द्या आणि तोच नंबर लेबलावर पेन्सिलीनं लिहा.

कुठला सेक्टर गेला यावर नुकसान ठरतं. सेक्टर ० म्हणजे बूट सेक्टर. १ ते ९ आणि १० ते १८ म्हणजे फॅट तक्त्याच्या (कुठल्या फाइलीचे तुकडे कुठं आहेत त्याच्या नोंदीच्या) दोन प्रती, त्यातली एक वाचली तरी निभावतं. १९ ते ३२ म्हणजे फाइलींच्या नावांची यादी. ती गेली तर फोटोरेकसारख्या साधनानं फाइली बिननावाच्या मिळतात. त्यापुढे डेटा. मजकूर फाइलीत एक सेक्टर गेला तर ५१२ अक्षरांची खाच पडते, बाकी वाचता येतं. झिपमध्ये तोच एक सेक्टर आतली एखादी अख्खी फाइल घेऊन जातो.

दर चार-पाच फ्लॉप्यांनंतर आयपीएनं हेड पुसा. वरचा हेड बारीक पट्टीवर असतो, तो उचलून धरू नका.

सव्वापाच इंची निघाल्या तर यूएसबी ड्राइव्ह कामाचा नाही. जुना ड्राइव्ह, ३४ पिनांची रिबन केबल आणि ग्रीसविझल नावाचं छोटं बोर्ड लागतं. या ड्राइव्हला ५ व्होल्टसोबत १२ व्होल्टही लागतात, त्यामुळे यूएसबीवर तो चालत नाही. जुन्या पीसीचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, घ्या. मदरबोर्डशिवाय एसएमपीएस सुरू करायला मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला जोडतात. हे हार्डवेअरच्या माणसाकडूनच करून घ्या.

आत काय आहे ते उघडणं

विंडोजवर सेव्हन-झिप थेट इमेज उघडतं. लिनक्सवर ती रीड-ओन्ली माउंट करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरती जोडा. आधी क्लॅमएव्ही या फुकट अँटिव्हायरसनं स्कॅन करा. त्या काळच्या फ्लॉप्यांत बूट सेक्टरचे व्हायरस घरच्यासारखे राहायचे. ब्रेन १९८६चा, मायकेलँजेलो दर ६ मार्चला उठणारा. लिनक्सला त्यांचा त्रास नाही, पण जुन्या पीसीत फ्लॉपी राहून मशीन सुरू झालं तर त्रास होतोच.

झिप, एआरजे, एलझेडएच, एआरसी असे डबाबंद प्रकार दिसतील. १९८९ नंतर झिपचं राज्य आलं, पण सुरुवातीच्या झिपमधल्या श्रिंक आणि इम्प्लोड या पद्धती विंडोजचा नेहमीचा एक्सप्लोरर उघडेलच असं नाही. तिथं सेव्हन-झिप चालतं, बाकीच्यांना लिनक्सवर युनार. एआरजेचे ए०१, ए०२ असे तुकडे असतील तर सगळे एकाच फोल्डरमध्ये आणल्याशिवाय हात लावू नका. फाइल-आयडी-डॉट-डीआयझेड दिसली की ती पहिली वाचा: ४५ अक्षरांच्या जास्तीत जास्त १० ओळींत हा प्रोग्रॅम काय करतो ते लिहिलेलं असतं. बुलेटिन बोर्ड हीच फाइल वाचून आपल्या यादीत वर्णन टाकत.

रीडमीत चौकटींच्या जागी विचित्र अक्षरं दिसली तर फाइल बिघडलेली नाही, उघडताना एन्कोडिंग (अक्षरांचा तक्ता) सीपी-४३७ निवडा. प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षरच तेवढं बिघडलेलं दिसलं तर ती वर्डस्टार या जुन्या लेखनाच्या सॉफ्टवेअरची फाइल. ते शेवटच्या अक्षराचा वरचा बिट चढवून ठेवायचं. सोसायटीचे हिशेब आणि शाळेच्या याद्या बहुधा डीबीएफ या जुन्या डेटाबेस फाइलींमध्ये असतात, त्या लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडतात.

मराठी मजकूर ही खरी डोकेदुखी. आयएसएम, श्रीलिपी, आकृती, शिवाजी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअर-फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. फाइल उघडली की इंग्रजी कचरा दिसतो. आधी मूळ फॉन्ट मिळवून मजकूर नीट दिसतो का पाहा, म्हणजे फॉन्ट कोणता हे पक्कं होतं. मग त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा. रूपांतर झाल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार या दोन ठिकाणी नजर टाका. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलट. ‘स्थिती’, ‘कार्यालय’, ‘वर्धा’, ‘आर्णी’ हे शब्द नीट आले तर कन्व्हर्टर बरा समजा. आकडेही मूळ प्रिंटशी ताडून पाहा.

प्रोग्रॅम चालवायचा तर डॉसबॉक्स (हल्लीच्या मशीनवर जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर), आणि त्यालाही इमेजची कॉपीच द्या. सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ आला तर तो टर्बो पास्कलमधला जुना दोष आहे: सुरुवातीला मशीनचा वेग मोजताना हल्लीच्या वेगानं भागाकार कोसळतो. डॉसबॉक्सचे सायकल्स (वेगाचा आकडा) ३००० वर आणा, चालेल. धावत सुटलेल्या गेमलाही हाच उपाय.

दुसऱ्याला देताना

फुकट वाटलं जायचं म्हणजे सगळंच वाटायची मोकळीक होती असं नाही. व्हेंडर-डॉट-डॉक किंवा लायसन्स फाइल वाचा. शेअरवेअरची अट बहुधा एकच असे, सगळ्या फाइली जशाच्या तशा, काही न काढता द्या. नोंदणी करून घेतलेली पूर्ण आवृत्ती आणि तिचा नंबर वाटू नका. इंटरनेट आर्काइव्हवर चढवायचं असेल तर इमेज, मॅप, लेबलाचा स्कॅन आणि एसएचए-२५६ बेरीज (फाइल बदलली नाही हे पडताळायचा आकडा) असं एकत्र ठेवा. फक्त सुटलेल्या फाइली देऊ नका, पुढच्याला फ्लॉपी मूळ कशी होती ते कळत नाही. निकाल, खातेदारांची नावं, कर्जाच्या याद्या असलेल्या इमेजेस मात्र बाहेर जाऊ देऊ नका. त्या ज्यांच्या आहेत त्यांना पेनड्राइव्हवर परत द्या.

मूळ फ्लॉप्या फेकू नका. झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, उभ्या ठेवा. डांबराच्या गोळ्या त्यात टाकू नका, त्यांच्या वाफेनं प्लास्टिक मऊ पडतं. आणि डबा स्पीकरच्या वर ठेवू नका.