आवाज पुढे, ओठ मागे? कन्व्हर्ट करताना एवढं बदला

मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ एडिटिंगला घेतला, की सुरुवातीला सगळं ठीक असतं. विसाव्या मिनिटाला मात्र माणूस तोंड मिटून बसलेला आणि आवाज चालूच! बहुतेक वेळा फाइल खराब नसते. फोन सेकंदाला कधी 30 फ्रेम (चित्रं) घेतो, कधी 27, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर ठरावीक वेग (फ्रेमरेट) धरून चालतं.

आधी मीडियाइन्फोमध्ये (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) फाइल उघडा. 'फ्रेम रेट मोड'समोर 'व्हेरिएबल' (बदलता) दिसलं की चोर सापडला.

1. मूळ फाइल हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ कन्व्हर्ट करणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे) घ्या.
2. 'व्हिडिओ' टॅबमध्ये फ्रेमरेट 30 करा. चित्रीकरण 60 चं असेल तर 60. इथे उगाच 25 निवडलंत तर हालचाल अडखळते.
3. खालचा 'पीक फ्रेमरेट' काढून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (कायम एकच वेग) निवडा. खरी गोम इथेच आहे.
4. कन्व्हर्ट करा आणि हीच नवी फाइल एडिटरमध्ये घ्या.

तपासताना पहिला मिनिट बघून खूश होऊ नका. फरक साचत जातो, म्हणून शेवटची दोन मिनिटं बघा. तोवर मूळ फाइल डिलीट करू नका.