दाराखालची अर्धा इंच फट

डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटची 10 बाय 10 ची बेडरूम मी रेकॉर्डिंगसाठी मागून घेतली आणि पहिल्याच आठवड्यात चारही भिंतींना काळा फोम चिकटवला. दुकानदाराने तो ‘साउंडप्रूफ’ म्हणूनच दिला होता. टाळी वाजवून पाहिली, खोली घुमायची थांबली होती. संध्याकाळी तबल्याला बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. डग्ग्याचा प्रत्येक घुमारा त्यांच्या छतातून उतरत होता.

नव्याने घरी स्टुडिओ करणाऱ्याने खरेदीच्या आधी एकच गोष्ट मनात पक्की करावी. खोलीत आवाज घुमू न देणं हे एक काम आणि खोलीबाहेर आवाज जाऊ न देणं हे दुसरंच. पहिल्याला मऊ, सच्छिद्र वस्तू लागते. दुसऱ्याला वजन लागतं, हवाबंदपणा लागतो आणि कंपनं जिथून पुढे सरकतात तो जोड तोडावा लागतो. फोमचा तुकडा तोंडाशी धरून फुंकर मारून बघा. फुंकर आरपार गेली, तर त्यातून आवाजही जाणार. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. अंड्यांचे ट्रेही तसेच: आवाज अडवत नाहीत, आग मात्र धरतात. वायरिंगच्या खोलीत दोन्ही नकोत.

मग मी भिंत जाड करायचा विचार केला. पण भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी जास्तीत जास्त 5-6 डेसिबलचा फरक पडतो, आणि आवाज कानाला निम्मा वाटायला साधारण 10 डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणजे पैसा भिंतीत घालून हाती फार लागत नाही. (नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. त्या जुन्या नऊ इंची विटांच्या भिंतीइतका आवाज अडवत नाहीत. आपली भिंत कशाची आहे हे आधी विचारून घ्या.)

माझी खरी गळती दारात होती. जुन्या घरांना उंबरठा असायचा. फ्लॅटच्या आतल्या दारांना तो नसतो, खाली अर्धा इंच फट राहते. हिशेब करून पाहिला. अडीच फूट रुंद, सात फूट उंच दार, म्हणजे 2520 चौरस इंच. फट 15 चौरस इंच, जेमतेम 0.6 टक्के. पण तेवढ्या फटीमुळे दार कितीही जड घेतलं तरी ते 22 डेसिबलच्या आसपासच आवाज अडवतं. मी सुताराकडून लाकडी उंबरठा बसवून घेतला, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी पट्टी लावली आणि पोकळ दाराऐवजी भरीव फ्लश डोअर टाकलं. सगळ्या खर्चात हा खर्च सर्वांत कमी आणि गुण सर्वांत जास्त.

फटी शोधायला उदबत्ती पुरते. पंखा बंद करून ती दाराच्या कडांशी, स्विचबोर्डाशी, एसीच्या पाइपच्या भोकाशी धरायची. धूर जिथे हलतो तिथून आवाज जातो. माझ्याकडे एसीच्या पाइपभोवती बोटभर मोकळी जागा निघाली.

स्लायडिंग खिडकीचं मात्र काही होत नाही. तिच्या रुळांत फट ठेवल्याशिवाय ती सरकतच नाही. ती तशीच ठेवून आतल्या बाजूला, मध्ये चार इंच हवा सोडून, दुसरी खिडकी केली: लाकडी चौकट, बिजागरीवर उघडणारी, कडांना रबर. काच मुद्दाम वेगळ्या जाडीची घेतली. दोन्ही काचा सारख्या असल्या की एकाच सुराला दोन्ही कमकुवत पडतात.

आता डग्गा. त्याची कंपनं हवेतून कमी, जमिनीतून जास्त जातात; त्यांना भिंत आणि दार काय करणार? चुंबळीखाली सतरंजी घालून भागत नाही. 18 मिमी प्लायचे दोन थर एकावर एक स्क्रूने जोडले, त्याखाली जाड रबराचे तुकडे ठेवले आणि हा पाट भिंतीला कुठेही टेकू दिला नाही. एका कोपऱ्यात जरी टेकला तरी सगळी मेहनत वाया जाते.

खोलीत खोली, म्हणजे वेगळ्या सांगाड्यावर जिप्सम बोर्डाचे दोन थर आणि आत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), हाच पुरा इलाज आहे. पण 10 बाय 10 ची खोली त्यात 9 बाय 9 च्या घरात येते, स्लॅबवर वजन चढतं, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नये. मी ते केलं नाही.

घुमण्याबद्दल थोडंच सांगतो. चौरस खोली वाईट, कारण लांबी आणि रुंदी दोन्हींत तोच 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर फुगतो. 100 हर्ट्झच्या लहरीची लांबी 3.4 मीटर असते, तिला इंचभर फोम काहीच करत नाही. कोपऱ्यांत चार इंच जाड रॉकवूलचे पॅनल सुती कापडात गुंडाळून उभे केले, तेव्हा डग्गा मोकळा ऐकू आला. नुसत्या निवेदनासाठी मात्र आजीच्या जाड गोधड्या मागे आणि बाजूला टांगून बसलं तरी छान काम होतं.

खोली हवाबंद केली की जीव गुदमरतो. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. दर पाऊण तासाने दार उघडतो, आणि लागोपाठ तीन टेकहून जास्त घेत नाही. गणपतीच्या दिवसांत ढोलताशांपुढे कुठलीच घरगुती खिडकी टिकत नाही. त्या दहा दिवसांत मी संध्याकाळी फक्त एडिटिंग करतो.

2000 सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. फोनवरच्या अॅपचे आकडे फार अचूक नसतात, पण काम करण्याआधी आणि नंतरची तुलना करायला चालतात. त्याहून चांगली परीक्षा काकूंच्या घरात झाली. धाकट्या भावाला वर वाजवायला बसवलं आणि मी त्यांच्या हॉलमध्ये बसलो. दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, ऐकूच येत नव्हता. डग्गा कान दिला तर लागत होता. काकू म्हणाल्या, एवढं चालेल रे, फक्त दुपारी हे झोपतात तेव्हा नको. त्या दिवसापासून 2 ते 4 डग्गा बंद असतो.