पद्मिनीला कुशीवर वळवताना

वडिलांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी मी कोल्हापुरात, घराच्या पोर्चमध्येच नव्यानं उभी करतोय. फ्लोअरचा पत्रा दोन्ही बाजूंनी कुजला होता. गाडीखाली पाठीवर झोपून, अंगावर ठिणग्या झेलत केलेलं वेल्डिंग धड बसत नाही. म्हणून बॉडी गोल फिरवता येईल अशी घोडी उद्यमनगरातून बनवून घेतली.

घोडी लावायच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे. पद्मिनीला वेगळी चासी नाही. फ्लोअर, सिल (दारांखालची लांब पोकळ पट्टी), खांब आणि छप्पर मिळून एकच डबा. दारं काढून सिल कापलं की तो मधोमध खचतो आणि मग दार जन्मात नीट लागत नाही. म्हणून दारं जागेवर असतानाच, त्यांच्या फटी सारख्या आहेत हे बघून, आतल्या बाजूनं एक इंची चौकोनी पाइप पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत तिरके टाकून वेल्ड करा. मागच्या दारालाही तसंच. डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत एक आडवा पाइप हवाच. प्रत्येक दाराचं कर्णाचं माप त्या पाइपवरच मार्करनं लिहा, कागद हरवतो.

मग इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, काचा, दारं सगळं उतरवा. पेट्रोलची टाकी आणि नळी तर आधीच, कारण पुढे ठिणग्याच उडणार आहेत.

बॉडी घोडीला धरते ती पुढच्या-मागच्या बंपरच्या ब्रॅकेटच्या जागी. तिथे हातोडीनं हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत. बद्द आवाज आला तर तो भाग गाडी जमिनीवर असतानाच नवा करा. माझी मागची डावी बाजू बद्द वाजली, त्यात आठ दिवस गेले. बॉडी घोडीला जोडायला 8 मिलिमीटरच्या प्लेट आणि 8.8 ग्रेडचेच, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट वापरा.

उचलताना पोर्चमधल्या झोपाळ्याच्या कडीला चेनपुली अडकवू नका. ती कडी माणसांच्या वजनासाठी आहे. ट्रॉली जॅकनं एक टोक चार इंच उचला, खाली लाकडी ठोकळे सारा, मग दुसरं टोक. असं पायरीपायरीनं घोडीच्या उंचीला आणा. ठोकळ्यांवर नीट टेकल्याशिवाय कुणीही खाली हात घालायचा नाही. घोडीचे पुढचा-मागचा असे दोन्ही भाग खालून लांब पाइपनं जोडा, नाहीतर वजनानं ते फाकतात.

आता तोल. इथे माझी चूक झाली. आस, म्हणजे बॉडी जिच्याभोवती फिरते ती रेषा, फार खाली धरला होता. साठ अंशांपर्यंत बॉडी शहाण्यासारखी आली आणि मग छपराच्या वजनानं एकदम गर्रकन फिरली. धाकट्या भावाचा हात थोडक्यात वाचला. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. तेव्हा दोघांनी धरून हळूहळू नव्वद अंशांवर आणा. छप्पर खाली यायला बघत असेल तर बॉडी आसापेक्षा खाली घ्या. फ्लोअर खाली येत असेल तर वर घ्या. फ्लोअरची बाजू किंचित जड राहिलेली चांगली, म्हणजे हात सुटला तरी ती सरळ होते. एका हातानं वळते, सोडली की जवळजवळ तिथेच थांबते, एवढं जमेपर्यंत ब्रॅकेटची भोकं बदलत राहा. आणि लॉकची पिन घातल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नका.

पहिल्यांदा पूर्ण उलटी केली तेव्हा सिलमधून ओंजळभर लाल माती खाली पडली. गणपतीपुळ्याच्या फेऱ्यांमधली असणार. पाणी जायची भोकं तिनंच बुजवली होती, आणि फ्लोअर तिथूनच कुजत गेला. मातीचा शेवटचा कण निघेपर्यंत सिल आतून हवा मारून झाडा, भोकं तारेनं मोकळी करा, मगच नवा पत्रा लावा.

आतले तिरके पाइप मात्र काढायची घाई नको. चारही दारं परत बसवा, लिहिलेली मापं ताडून बघा, दार बोटानं ढकलल्यावर लागतंय का बघा. लागलं, की मग कापा.